सिहेकचा दीर्घ वनवास

पॅसिफिक महासागरातील ग्वाम हे जेमतेम ५४० चौरस किलोमीटरचे बेट. १५२१ साली तेथे मॅगेलनची गलबते आली, १६६८ साली स्पॅनिश येशूसंघीय मिशनरी आले, १८९८ साली ते अमेरिकेच्या ताब्यात गेले. इतकी सत्तांतरे झाली, तरी रानातला सिहेक आपल्या जागी होता.

सिहेक हा आपल्या खंड्याचाच भाऊबंद. पाठ निळी, डोके दालचिनीच्या रंगाचे. आपला खंड्या विहिरीच्या काठी वा शेताच्या बांधावर दिसतो. सिहेक मात्र रानात किडे आणि पाली-सरडे टिपून जगे व कुजून मऊ झालेल्या खोडात चोचीने ढोली कोरून पिले वाढवी.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाबरोबर, बहुधा न्यू गिनीच्या उत्तरेकडील बेटांतून, एक तपकिरी वृक्षसर्प ग्वामवर उतरला. गांडुळासारखा एक लहानसा साप वगळता या बेटाला सापाची ओळखच नव्हती. रात्री फांदीवर चढून येणाऱ्या शत्रूपुढे तेथील पाखरे असहाय ठरली. दक्षिणेकडून एकेक रान मुके होत गेले. संशय आधी कीटकनाशकांवर आला, रोगराईवर आला. अखेर जुली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून सापाकडे बोट दाखवले. परंतु १९८८ पर्यंत रानातला सिहेक संपला होता.

सुदैव इतकेच, की १९८४ ते १९८६ या काळात २९ सिहेक पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले होते. आज हयात असलेला प्रत्येक सिहेक त्यांचाच वंशज. पुढे तीन तपे या जातीने पिंजऱ्याबाहेरचे जग पाहिले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नऊ तरुण पक्षी पाल्मायरा या सर्पविरहित बेटावर मोकळे सोडण्यात आले आणि २०२५ साली त्यांच्यापैकी काहींनी तेथे अंडी घातली. पण पाल्मायरा ग्वामपासून हजारो किलोमीटर दूर आहे. ग्वामच्या रानात तो साप अजूनही आहे. म्हणून सिहेकला स्वतःच्या घरी परतता येत नाही.

साप कोणी दुष्ट हेतूने आणला नव्हता. तो सामानात दडून आला. आज ग्वामहून बाहेर जाणारा माल, दुसऱ्या बेटांवर हाच प्रसंग येऊ नये म्हणून, शिकवलेल्या कुत्र्यांकडून हुंगून तपासला जातो. त्या हलगर्जीपणाची किंमत या मुक्या जिवांनी मोजली. ती आपल्या ध्यानी राहावी, एवढे तरी ऋण आपण मानले पाहिजे.