वर्णनाची गरज : छत्रपती संभाजीनगरातील इंग्रजी विशेषणांच्या अध्यापनाचा इतिहास

परकी भाषा शिकणाऱ्याला नामे आणि क्रियापदे गरजेपोटी लवकर येतात, कारण त्यांच्याशिवाय वाक्यच उभे राहत नाही. विशेषण मात्र गाळले तरी वाक्य पुरे होते, आणि म्हणूनच शाळेतल्या इंग्रजीत ते नेहमी मागे पडत आले. नामाबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या तोंडपाठ असलेला विद्यार्थीही एखाद्या वस्तूचे इंग्रजीत चार ओळींत वर्णन करताना 'गुड', 'नाइस' आणि 'ब्यूटिफुल' यांपुढे जात नाही. मराठवाड्याचे शैक्षणिक केंद्र असलेल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गेल्या शंभर वर्षांत इंग्रजी कोणकोणत्या वाटांनी शिकवली गेली हे पाहिले, की या मागे पडण्याचे कारण उलगडू लागते. शब्दांचा साठा, कोश आणि व्याकरणाची पुस्तके प्रत्येक पिढीला मिळाली. वर्णन करण्याची खरी गरज भासेल असा प्रसंग मात्र वर्गात क्वचितच आला. महाजालावर सहज सापडणाऱ्या विलक्षण शोधांच्या चित्रांचे व चित्रफितींचे महत्त्व या पार्श्वभूमीवर जोखावे लागते.

मराठी विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. मराठीत 'चांगला', 'मोठा' यांसारखी आकारान्त विशेषणे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात आणि 'लाल', 'सुंदर' यांसारखी बदलत नाहीत, तर इंग्रजी विशेषण लिंगवचनाने मुळीच बदलत नाही. त्यामुळे ते सोपे वाटते. परंतु तुलना करताना मराठी भाषा 'पेक्षा' आणि 'सर्वांत' या शब्दांवर काम भागवते व विशेषण जसेच्या तसे ठेवते, तिथे इंग्रजीत विशेषणाचेच रूप बदलते किंवा त्याच्या आधी 'मोअर' आणि 'मोस्ट' येतात. शिवाय एकाच नामाला अनेक विशेषणे लागली, की मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण व द्रव्य असा एक ठरीव क्रम इंग्रजीत साधारणपणे पाळला जातो. हा क्रम नियम म्हणून पाठ करता येतो, पण एकाच वस्तूबद्दल तीन-चार गोष्टी एका दमात सांगण्याची वेळ आल्याखेरीज तो जिभेवर बसत नाही.

वस्तू समोर ठेवून गुणवाचक शब्द शिकवण्याची कल्पना नवी नाही. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या विचारांवरून इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांनी 1830 मध्ये वस्तुपाठांचे पुस्तक प्रसिद्ध केले. वस्तुपाठ म्हणजे प्रत्यक्ष वस्तू मुलांच्या हाती देऊन, तिचे गुण त्यांच्याकडूनच काढून घेऊन, मग त्या गुणांना नेमके शब्द पुरवणारा पाठ. मेयो यांचा पहिलाच पाठ काचेवर होता : मुलांनी काच हाताळायची, ती थंड, गुळगुळीत, कठीण व चकचकीत असल्याचे स्वतः सांगायचे, आणि पलीकडचे दिसते हा गुण त्यांच्या लक्षात आला पण त्याला शब्द सापडेना, की नेमक्या त्या क्षणी शिक्षकाने 'ट्रान्सपरंट' हा शब्द द्यायचा. गरज आधी आणि शब्द नंतर हा त्या पद्धतीचा गाभा होता. पुढे वस्तुपाठ हिंदुस्थानातील शाळांतही आले, परंतु गुणांच्या तयार याद्या घोकून घेण्याची सवय लागली, की त्यांतील हा गाभा हरवत असे.

मराठी मुलखात इंग्रजी शिकण्याचा राजमार्ग दीर्घकाळ भाषांतराचा होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना नियम, शब्दसंग्रह आणि दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्ये या क्रमाने इंग्रजीची शिस्त लावली, आणि त्या शिस्तीचे ऋण मोठे आहे. मात्र भाषांतरात वर्णन आधीच कोणी तरी केलेले असते आणि विद्यार्थी फक्त त्याची भाषा बदलतो, त्यामुळे कोणता गुण सांगावा ही निवड त्याच्या वाट्याला येत नाही.

औरंगाबादेत ही वाट आणखी एका वळणाने जात होती. शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवून इंग्रजीला सक्तीच्या विषयाचे स्थान दिले होते. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला घरी मराठी, वरच्या वर्गांत उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढावी लागे. मराठी शिक्षणाची निकड ओळखून 1915 मध्ये सरस्वती भुवन ही संस्था उभी राहिली आणि 1923 मध्ये शहरात सरकारी इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले, जे आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय म्हणून चालते. त्या कॉलेजचे प्राचार्यपद भूषवलेले मौलवी अब्दुल हक हे अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिव होते, आणि त्यांच्यामुळे तिचे केंद्र अनेक वर्षे औरंगाबादेत राहिले. अंजुमनने 1937 मध्ये प्रसिद्ध केलेला अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश हे त्या काळातील मोठे भाषिक काम होते. इंग्रजी शब्दाची प्रत्येक छटा आपल्या भाषेत वेगळी करून सांगण्याचे कष्ट विशेषणांच्या बाबतीत सर्वाधिक पडतात, आणि ते कष्ट या शहराशी जोडलेल्या विद्वानांनी उपसले. पण कोश अर्थ देतो, शब्द वापरण्याचा प्रसंग त्याला निर्माण करता येत नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर शिक्षणाची दारे झपाट्याने उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले आता इंग्रजी शिकू लागली, आणि घरातून इंग्रजीचा कसलाही आधार नसलेल्या या विद्यार्थ्यांसाठी वर्गातली पद्धत हाच एकमेव आधार ठरला. त्याच काळात देशभर रचनात्मक पद्धतीचा पुरस्कार होत होता, म्हणजे मोजके शब्द आणि ठरीव वाक्यरचना सोप्याकडून कठीणाकडे अशा क्रमाने तोंडी सरावातून पक्क्या करण्याचा. या पद्धतीने वस्तू वर्गात परत आणली खरी, परंतु ती असे टेबलावरची पेन्सिल किंवा भिंतीवरचा फळा. पेन्सिल लाल आहे हे चाळीस मुलांना दिसत असताना ती लाल आहे असे चाळीस वेळा वदवून घेतले, तर वाक्यरचना पक्की होते, पण ऐकणाऱ्याला नवे काहीच कळत नाही आणि बोलणाऱ्याला सांगण्याची ओढ लागत नाही.

ही उणीव पुढच्या पिढीतील भाषाशिक्षणतज्ज्ञांनी नेमकी ओळखली. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांपुढे सोडवण्याची कामे ठेवली गेली, आणि त्यांतील एक प्रकार माहितीच्या दरीवर आधारलेला होता. माहितीची दरी म्हणजे एकाला ठाऊक असलेली आणि दुसऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट, जी भाषेवाचून पलीकडे पोचत नाही. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा ऐकण्या-बोलण्यावर भर देणे भागच पडले, आणि राज्यभरातील शिक्षकांना त्यासाठी तयार करण्याच्या कामात औरंगाबादेत असलेल्या 'स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश' या शासकीय संस्थेचा मोठा वाटा राहिला. 2016 पासून 'तेजस' प्रकल्पात राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी प्राथमिक शिक्षकांचे गट बांधले. हे शिक्षक ठरावीक काळाने एकत्र जमत आणि एरवी व्हॉट्सॲपवरून पाठांची देवाणघेवाण करत. 'दीक्षा' हा डिजिटल शिक्षणसाहित्याचा मंच, पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड आणि 2020 च्या टाळेबंदीतील ऑनलाइन वर्ग यांमुळे पडदा हा खेड्यातल्या शाळेचाही भाग झाला.

या पडद्यावर विलक्षण शोध आले, की विशेषणांचा पाठ कसा बदलतो, हे जपानमधील 'चिंदोगू'च्या उदाहरणाने स्पष्ट होते. केनजी कावाकामी यांनी रूढ केलेल्या या प्रकारात एखादी अडचण खरोखर सोडवणारी, पण वापरायला इतकी अवघड की कोणी वापरणार नाही, अशी वस्तू प्रत्यक्ष बनवली जाते : नूडल्स गार करणारा छोटा पंखा लावलेल्या चॉपस्टिक्स, बुटांच्या टोकांवरच्या इवल्याशा छत्र्या, डिंकाच्या कांडीसारखी फिरवून पावावर लावायची लोण्याची कांडी. एका विद्यार्थ्याला चित्र दिसावे, दुसऱ्याला दिसू नये, आणि दुसऱ्याने केवळ वर्णन ऐकून ती वस्तू कागदावर काढावी, असा पाठ घेतला, तर 'नाइस' या शब्दाचा काडीचा उपयोग होत नाही. छत्री केवढी, तिचा आकार कसा, ती कशाची बनलेली हे सांगावेच लागते आणि 'टायनी', 'राउंड', 'प्लॅस्टिक' हे शब्द आपोआप एका ओळीत येऊन बसतात. ती घडी करता येते का या प्रश्नातून 'फोल्डेबल' निघतो, 'यूजफुल' की 'यूजलेस' यावर वाद होतो, आणि साध्या छत्रीशी तुलना करताना 'स्मॉलर' व 'मोअर एक्स्पेन्सिव्ह' ही दोन्ही रूपे कामाला येतात. वस्तूला तयार नाव नसते, म्हणून नामाच्या आड लपता येत नाही, हे विलक्षण शोधाचे शिक्षणदृष्ट्या सर्वांत मोठे बळ आहे.

असे शोध परदेशातूनच आणावेत असे नाही. गुजरातेतील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांचा विजेविना चालणारा मातीचा फ्रीज महाजालावर पाहता येतो, आणि खुद्द या शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी आहे. काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेले पाणी तेथे उंच भिंतीत चढते, हौदात कोसळते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर खालची पाती फिरून दगडी जाते दळू लागते. त्या पिठावर एकेकाळी फकीर आणि वाटसरू जेवत. हे यंत्र मुलांनी पाहिलेले असते, मात्र दूरच्या माणसाने ते पाहिलेले नसते, आणि माहितीची ही दरी इथल्या विद्यार्थ्याच्या बाजूने झुकलेली आहे. इथे सांगणारा तो आणि ऐकणारे जग, अशी अदलाबदल होते.

जिल्ह्यातील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेने विलक्षण वस्तूंच्या ओढीची साक्ष दिली. यंत्रमानव आणि नव्या तंत्रज्ञानाचे आकर्षण असल्याने तेथील मुलांनी परदेशी भाषा म्हणून जपानी निवडली आणि महाजालावरील साहित्य व ऑनलाइन मार्गदर्शन यांच्या आधारे ती शिकायला सुरुवात केली, ही गोष्ट 2020 मध्ये सर्वदूर पोचली. वस्तूबद्दलचे कुतूहल भाषेपर्यंत नेऊ शकते, हे त्या मुलांनी आपल्या निवडीतून दाखवले. इंग्रजीच्या वर्गाने यातून घ्यायचा धडा सरळ आहे : विशेषणांची यादी पाठाच्या शेवटी यावी, आधी यावी ती वस्तू आणि ती न पाहिलेला श्रोता. पाणचक्कीचे इंग्रजी वर्णन शाळांनी मुलांकडून लिहून घेऊन ते महाजालावर ठेवले, तर इतरांनी केलेली वर्णने वाचत आलेल्या या शहरातील मुले स्वतः वर्णन करणारी होतील, आणि शंभर वर्षे कोशात व पाठमालेत साठत गेलेल्या शब्दांना बोलणारा मिळेल.