डीप सिक्स

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सहा रॉक बँडच्या गाण्यांचा संकलित अल्बम. सिॲटलच्या सी/झी रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीने तो मार्च १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ‘ग्रंज’ या नावाने जगभर पोचलेल्या शैलीचे हे पहिले सामूहिक ध्वनिमुद्रण मानले जाते.

निर्मिती : त्या काळी मोठ्या रेकॉर्ड कंपन्या न्यूयॉर्क व लॉस अँजेलिसमध्ये एकवटल्या होत्या आणि सिॲटलकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. त्यातच अल्पवयीनांच्या नृत्य-कार्यक्रमांवर शहराने १९८५ मध्ये कडक अटी घातल्याने तरुण श्रोत्यांसाठी कार्यक्रम भरवणे अवघड झाले. अशा परिस्थितीत क्रिस हॅन्झेक आणि टीना कॅसाल यांनी स्थानिक बँड एका तबकडीवर आणण्यासाठी सी/झी सुरू केली. ‘डीप सिक्स’ हे तिचे पहिलेच प्रकाशन. बहुतेक ध्वनिमुद्रण १९८५ मध्ये आयर्नवूड स्टुडिओत झाले.

आशय : अल्बममध्ये १४ गाणी आहेत : मेल्विन्सची चार, साउंडगार्डनची तीन, ग्रीन रिव्हर, मालफंक्शन व स्किन यार्ड यांची प्रत्येकी दोन आणि यू-मेनचे एक. यू-मेन हा त्यांतला जुना, नावाजलेला बँड; साउंडगार्डन, स्किन यार्ड व मालफंक्शन यांची गाणी मात्र प्रथमच तबकडीवर आली. पंकचा रांगडेपणा आणि हेवी मेटलचा जड, संथ गिटारनाद यांचे मिश्रण बहुतेक गाण्यांत आढळते. प्रमाण मात्र बँडगणिक बदलते.

प्रभाव : सुरुवातीला सुमारे २,००० प्रती काढण्यात आल्या आणि त्याही सावकाश खपल्या. परंतु यातील वादक-गायकांच्या फेरजुळणीतूनच सिॲटलचे पुढचे महत्त्वाचे बँड उभे राहिले. ग्रीन रिव्हरचा गायक मार्क आर्म आणि मेल्विन्सचा बासवादक मॅट ल्युकिन १९८८ मध्ये मडहनीत एकत्र आले. ग्रीन रिव्हरचेच स्टोन गोसार्ड व जेफ अमेंट यांनी मालफंक्शनच्या अँड्र्यू वुडसह मदर लव्ह बोन स्थापन केला. १९९० मध्ये वुडच्या मृत्यूनंतर या दोघांनी पर्ल जॅम उभारला. स्किन यार्डचा ड्रमवादक मॅट कॅमेरॉन १९८६ मध्येच साउंडगार्डनमध्ये गेला. स्किन यार्डचाच गिटारवादक जॅक एन्डिनो याने हॅन्झेकसह रेसिप्रोकल रेकॉर्डिंग हा स्टुडिओ चालवला. निर्वाणा या बँडचा ‘ब्लीच’ (१९८९) हा अल्बम त्याने तेथेच ध्वनिमुद्रित केला. ग्रंजला व्यावसायिक यश मिळाल्यावर १९९४ मध्ये ए अँड एम या मोठ्या कंपनीने ‘डीप सिक्स’ सीडीवर पुन्हा बाजारात आणला.