ढब्बूच्या पोटातला डबल

डोंबिवलीच्या फलाटावर उद्घोषणा 'जलद' गाडीची होते, पण गर्दीतला माणूस शेजाऱ्याला सांगतो, "ही सोड, मागनं डबल फास्ट आहे." ही डबल फास्ट काही दुप्पट वेगाने धावत नाही. इतर जलद गाड्या जिथे थांबतात त्यांतली काही स्थानकंही ती न थांबता मागे टाकते, एवढंच. तिच्यात दोन असं काहीच नाही, तरी ती डबल. कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यात हा शब्द असाच सगळीकडे पेरलेला आहे. चाळीत डबल रूम, एमआयडीसीत डबल ड्युटी, मध्यरात्रीनंतर रिक्षाचं डबल भाडं, सायकलवर डबलसीट. फोन नंबर मराठीत सांगायला घेतला तरी दोन शून्यं आली की तोंडातून 'डबल झिरो'च निघतं.

आपल्याकडे दोनाची वाण होती म्हणावं तर तसंही नाही. दुप्पट, दुहेरी, दुमजली, दुपदरी, दुभाषी, दुमत, दुजाभाव, दुणावणं. दोन प्रहरांची तर आपण 'दुपार' केली. घर इतकं भरलेलं असताना हा पाहुणा कधी आला आणि कुठल्या दाराने? सोपं उत्तर सगळ्यांना सुचतं: आगगाडीबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि सिंगल, डबल, फास्ट, स्लो हे सगळे शब्द त्या रुळांवरून उतरले. मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. माझं हे मत बदललं ते एका मिरचीमुळे.

सांगलीकडची माझी आत्या कल्याणला आली होती. भाजीबाजारात तिने विचारलं, "ढब्बू कशी दिली?" भाजीवालीला क्षणभर उमगेना, मग म्हणाली, "ढोबळी होय!" आपण इकडे जिला ढोबळी किंवा भोपळी मिरची म्हणतो, ती सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे ढब्बू. घरी येताना आत्याने सहज सांगितलं, की तिची आजी जाड तांब्याच्या पैशाला ढब्बू म्हणायची. त्या रात्री मी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. तिथे ढब्बूचा अर्थ आहे दोन पैशांचं तांब्याचं नाणं, म्हणजे इंग्रजीत 'डबल पाइस'. ढब्बू आणि डबल शेजारी शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणून बघा. मी म्हटलं, आणि तेव्हापासून त्यांचा पिच्छा सोडलेला नाही.

माझं म्हणणं असं: इंग्रजांचा डबल मराठीत आला तो रेल्वेच्या निदान अर्धशतकभर आधी, तांब्याच्या नाण्यावर बसून. तो ठाण्याच्या खाडीवरून आला आणि पलीकडच्या काठावर ढब्बू झाला.

आधी नाण्याकडे पाहू. १९५७च्या १ एप्रिलला नवे पैसे सुरू होईपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया होत्या. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट, आणि दोन पैशांची नाणी बत्तीस. मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली बर्मिंगहॅममधल्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतून तांब्याची नाणी पाडून आणली. ही टांकसाळ वाफेच्या यंत्रांवर चालायची, त्यामुळे नाणी एकसारखी गोल आणि कडेपर्यंत नीटस. एका बाजूला कंपनीचं व्यापारचिन्ह आणि साल, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याखाली फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. त्यांत अर्धा पैसा होता, एक पैसा होता, दीड पैसा होता आणि सगळ्यांत थोर 'डबल पैसा' होता. पुढे १८३५मध्ये कंपनीने देशभर एकच चलन केलं, तेव्हा अर्ध्या आण्याचं नाणं २०० ग्रेनचं ठरलं, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. रुपया १८० ग्रेनचा, एक तोळ्याचा. दोन पैशांचं तांबं रुपयाच्या चांदीपेक्षा जड! हातात घेताच लठ्ठ लागणारी ही वस्तू.

आता नकाशा बघा. साष्टी बेट आणि ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्ये मराठ्यांकडून घेतला. कल्याण त्यांनी १७८०मध्ये जिंकलं, पण १७८२च्या सालबाईच्या तहाने ते पेशव्यांना परत गेलं आणि साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. म्हणजे तेव्हापासून पेशवाई संपेपर्यंत, पस्तीसेक वर्षं, ठाणं कंपनीचं आणि कल्याण पेशव्यांचं. आज कळव्याचा पूल ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तेव्हा राज्य बदलत होतं आणि त्याबरोबर पैसाही. एका काठावर कंपनीचा तराजू, दुसऱ्या काठावर मराठ्यांची शिवराई. भात, मीठ, लाकूड घेऊन होड्या उल्हास नदीतून खाली येत आणि मोबदल्याचं तांबं घेऊन वर जात. पुण्याच्या बाजारपेठेवर इंग्रजांचा अंमल १८१७-१८मध्ये आला. ठाण्याच्या मराठी दुकानदाराने कंपनीचा पैसा त्याआधी एक पिढी मोजला होता. परकं नाणं रोज मोजणारा माणूस त्याला नाव देतोच. कंपनीचा शिपाई 'डबल' म्हणत असेल, तर दुकानदाराच्या तोंडी त्याचं काय होणार?

याचं उत्तर मराठीच देते. विठ्ठलचा आपण विठू करतो. शेवटचा ल गळतो आणि लाडाचा ऊ येतो. लांबचा लंबू, ठेंगण्याचा ठेंगू. त्याच चालीने डबलचा डबू व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. ब दुणावला की डब्बू. राहता राहिला ढ. डचा ढ का झाला?

इथेच प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो लेचापेचा नाही.

पहिला प्रतिपक्ष तेलुगू. तेलुगूत पैशाला 'डब्बु' म्हणतात, आजही म्हणतात. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'डब' हे वीस 'कॅश' या बारीक नाण्यांच्या किमतीचं तांब्याचं नाणं याच तेलुगू शब्दापासून लावलं आहे. कन्नडमध्ये पैशाला 'दुड्डु', आणि सीमाभागातल्या मराठीत त्याचाच दुडू. नाण्यांची नावं दक्षिणेकडून घेण्याची आपली सवय जुनी आहे. 'होन' हा शब्दच कन्नडमधल्या सोन्याचा. शिवाय ढब्बू मिरची आज ठसठशीतपणे जिवंत आहे ती कन्नडला लागून असलेल्या मुलखात, खाडीकाठी नाही. हा मुद्दा माझ्या मताला खरोखर बोचतो. तरी मी विचारतो, तेलुगूतल्या डब्बुचा अर्थ एक ठरावीक छोटं नाणं आणि पुढे एकूणच पैसा. मराठी ढब्बूत 'दोन' कुठून आला? कोशाने नेमकं दोन पैसेच का म्हटलं? तेलुगू शब्द आवाज देतो, आकडा देत नाही. आकडा फक्त डबलच्या खिशात आहे.

दुसरा प्रतिपक्ष घरचाच, आणि मला तो जास्त भारी वाटतो. हा म्हणतो, बाहेर कशाला जाता? मराठीत ढ हे अक्षरच जाड आहे. ढोल, ढेरी, ढेकूळ, ढोबळ, ढेरपोट्या, ढालगज, आणि वर्गात मागे बसणारा नुसता 'ढ'. जे फुगीर, बोजड, मंद ते ढ. ढब्बूही त्याच कुळातला. जाड नाणं म्हणून ढब्बू, जाड मिरची म्हणून ढब्बू, जाड पोरगा म्हणून ढब्बू. पेशवाईतल्या दुप्पट वजनाच्या ओबडधोबड तांब्याच्या नाण्यांनाही नाणेसंग्राहक ढब्बूच म्हणतात. त्यात बिहार आणि गोरखपूरकडचा 'ढेबुआ' येऊन साक्ष देतो. तोही तांब्याचा ओबडधोबड पैसा, तोही ढवरून सुरू होणारा, आणि ठाण्याच्या खाडीशी त्याचा काही संबंध नाही.

या साक्षीपुढे मी थोडा मागे सरतो, पण मैदान सोडत नाही. कारण त्याच हिंदी मुलखात इंग्रजी अमलातल्या पैशाला जुनी माणसं 'डबल' म्हणत. डबल पैसा म्हणता म्हणता नुसता डबल. म्हणजे नाण्याचं नाव म्हणून हा इंग्रजी शब्द बाजारात रुजत होता याला खुद्द हिंदीच पुरावा. आणि असं होणं जगात नवं नाही. फ्रान्समध्ये दोन दनिएच्या तांब्याच्या नाण्याला 'दूब्ल' म्हणत. स्पेनचं दोन एस्कुदोंचं सोन्याचं नाणं 'दोब्लोन', समुद्री चाच्यांच्या गोष्टींमधलं डब्लून. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या गर्न्सी बेटावर १८३० ते १९५६ पर्यंत नाणी 'डबल' या नावानेच पाडली जात. आठ डबल म्हणजे एक पेनी. तिथे डबलमधला दोन कधीच विसरला गेला होता. लॅटिनमधला 'दुप्लुस', दोन आणि पट, अगदी आपल्या दुप्पटसारखा बांधलेला, युरोपभर नाणं होऊन फिरला. तो मुंबईच्या बंदरात उतरल्यावर नाणं व्हायचं थांबला असेल, हे मला पटत नाही.

आता दोनापासून जाडपणापर्यंत शब्द कसा पोचला? मराठीने हा रस्ता आधीच बांधून ठेवला होता. अंगाने भरलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? 'दुहेरी हाडाचा', 'दुहेरी बांध्याचा'. त्याला हाडांचे दोन संच नसतात. मराठी कानाला दोन म्हणजे भरदार, दोन म्हणजे दणकट. म्हणून 'डबल' कानावर पडला तेव्हा मराठी माणसाने दोन हा आकडा ऐकलाच, आणि त्याच क्षणी जाडीही ऐकली. जाडी ऐकली की जिभेवर ढ येणारच. ज्यांना परक्या शब्दात महाप्राण शिरणं अवघड वाटतं त्यांनी स्टेशनचं 'ठेसन' आठवावं. तिथे ठ मागच्या स मुळे आला, हे मला मान्य आहे. ढब्बूत तसा स नाही. इथे ढ अर्थाने ओढून आणला. ही माझी अटकळ आहे, पण ती भाषेच्या स्वभावाला धरून आहे.

ठाण्याच्या मातीला हे नवीनही नाही. हजारेक वर्षांपूर्वी श्रीस्थानक, म्हणजे हेच ठाणं, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होतं. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२चं म्हणजे १०६०चं, त्यांच्याच काळातलं. त्यांच्या लेखांमध्ये पैशाचा हिशेब 'द्रम्म' या नाण्यात येतो. हा द्रम्म म्हणजे ग्रीकांचा द्राख्मा, आणि त्याच्या वंशात आपला 'दाम'. दाम मोजताना कुणाला ग्रीस आठवत नाही. परदेशी नाण्याचं नाव खाडीतून आत घ्यायचं, त्याला घरचं रूप द्यायचं आणि पुढे विसरून जायचं, हे या किनाऱ्याचं जुनंच काम आहे. द्रम्मचा दाम झाला त्याच रीतीने डबलचा ढब्बू झाला, असं मला वाटतं.

म्हणून माझा निवाडा असा. ढब्बूचा देह मराठी आहे. तो ढ आपला, तो लाडाचा ऊ आपला. त्याच्यातला दोनाचा आकडा कंपनीच्या डबल पैशाचा. दक्षिणेकडे तेलुगू डब्बुने त्याला आधार दिला आणि म्हणून तो तिकडे टिकला. इकडे खाडीकाठी त्याच ढने मिरचीला ढोबळी केलं. घरचा जाड शब्द आधीपासून असलाच, तर त्याला 'दोन पैसे' हा नेमका अर्थ ठाण्याच्या बाजारात चिकटला.

आणि यातूनच डबल फास्टचं कोडं मला सुटलं. इंग्रजी शब्द दुसऱ्यांदा आला तो रुळांवरून, आणि मराठीने त्याच्याशी पुन्हा तेच केलं. पहिल्या वेळी दोनाचं जाड केलं, दुसऱ्या वेळी दोनाचं जोरकस केलं. डबल फास्ट म्हणजे दुहेरी हाडाची गाडी.

हा वाद मिटवण्याजोगा एक पुरावा अजून घराघरांत आहे. तुमच्या घरी ऐंशी-नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे ढब्बू म्हणजे एक पैसा होता की दोन? उत्तर, गावाचं नाव आणि ते ज्या वाक्यात बोलले ते वाक्य, तिन्ही लिहून ठेवा. ठाणे, कल्याण, भिवंडीकडून 'दोन' जास्त आले तर खाडीचं म्हणणं खरं. सगळीकडून नुसतं 'जाड नाणं' आलं तर मी घरच्या ढपुढे आनंदाने हार मानीन. पण विचारा लवकर. ढब्बू पैसा मोजलेले हात आता फार थोडे उरले आहेत.