तांडेल किनाऱ्यावर बसून घडत नाही

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

आपल्या पालीत, आणि तसं पाहिलं तर उत्तन, चौक, डोंगरीतही, सध्या एक वाक्य वरचेवर कानावर येतं. “माणसं मिळत नाहीत.” मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवायला माणसं मिळत नाहीत. गायनमंडळात नवे आवाज येत नाहीत. क्रुसाजवळच्या रोझरीला पुढे होऊन प्रार्थना सांगणारी जी बाय होती ती थकली, आणि तिच्या जागी कोणी उभं राहिलं नाही. जमातीच्या बैठकीला, मच्छीमारांच्या सोसायटीला, सणाच्या समितीला तीच पाचसहा डोकी दिसतात. तीच माणसं सगळीकडे राबतात आणि तीच शिव्याही खातात. मग कोणीतरी म्हणतं, “फादरनी काहीतरी करायला पाहिजे.”

हे ऐकलं की मला आपला इतिहास आठवतो. कारण या किनाऱ्यावर एक काळ असा होता, की सगळं फादरांवर टाकायचं म्हटलं तर टाकायला पुरेसे फादरच नव्हते. तरीही आपण आज इथे आहोत, बाप्तिस्मा घेतलेले, रोझरी म्हणणारे. हे कसं झालं?

चौकच्या टोकाला धारावीचा किल्ला आहे, तिथे चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. आपली पोरं तिथे फोटो काढायला जातात. १७३९ साली मराठ्यांनी आधी हे धारावी बेट घेतलं आणि मग मे महिन्यात खाडीपलीकडची वसई. साष्टी तर दोन वर्षं आधीच, १७३७ मध्ये, मराठ्यांच्या हाती गेली होती. वसईच्या शरणागतीच्या अटींमध्ये ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू द्यावा आणि काही चर्च राखावीत असं ठरलं. पण राज्य गेल्यावर पोर्तुगीज कुटुंबं गेली, आणि त्यांच्याबरोबर फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा संघांचे युरोपियन पाद्रीही गेले. मोठे मठ, कॉलेजं ओस पडली. मागे राहिले ते गोव्याकडचे मोजके देशी पाद्री आणि गावोगावचे आपले कोळी, आगरी, भंडारी, शेतकरी पूर्वज.

कोणाला वाटलं असतं, की पंचवीस-तीस वर्षांत इथला ख्रिस्ती समाज विरून जाईल. तसं झालं नाही. १७६० साली आंकेतिल द्यु पेरों नावाचा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. ठाण्याच्या एका सणाला त्याने हजारोंनी जमलेले ख्रिस्ती पाहिले आणि पूजा करणारे पाद्री सगळे इथलेच, सावळ्या रंगाचे पाहिले. म्हणजे सत्ता बदलून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता, आणि लोक जागच्या जागी होते.

पाद्री थोडे, गावं खाड्यांनी तुटलेली, पावसाळ्यात होडी चालत नाही. अशा वेळी दर रविवारी दारात मिस्सा होणं शक्यच नव्हतं. मग पोरांना प्रार्थना कोणी शिकवल्या? त्याचं वहीत लिहिलेलं उत्तर नाही, पण चर्चच्या रीतीतच ते सापडतं. पाद्री नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर कोणीही माणूस पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो, हा नियम फार जुना आहे. सुईण सुद्धा. धर्मपिता आणि धर्ममाता हे नातं आपण आज सोन्याची चेन आणि फोटोपुरतं ठेवलंय, पण त्याचा मूळ अर्थ जबाबदारीचा आहे. हे मूल विश्वासात वाढेल याची हमी आईबापांबरोबर आणखी दोघांनी घ्यायची.

तिसरी गोष्ट भाषेची. फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश या पाद्रीने ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पुराण या किनाऱ्याच्या मराठीत ओव्यांसारखं रचलं, ते १६५९ साली लिस्बनला छापलं. पुढे १९ व्या शतकात मुंबईतही ते पुन्हा छापलं गेलं, कारण उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते वाचायची, गायची रीत होती. लक्षात घ्या, पुराण वाचायला पाद्री लागत नाही. वाचता येणारा एक आणि ऐकणारी वीस माणसं लागतात. ऐकणाऱ्यांतलं एखादं पोर पाठ करतं, आणि पुढच्या पिढीला वाचणारा मिळतो.

ही पद्धत संत फ्रान्सिस झेवियरच्या वेळेपासूनची. १५४२ नंतर तो दक्षिणेला, मोती काढणाऱ्या परवर मच्छीमारांच्या किनाऱ्यावर गेला. आपल्यासारखीच समुद्रावर पोट असलेली माणसं. गावं पुष्कळ आणि तो एकटा. त्याने काय केलं? पोरांना प्रार्थना शिकवल्या आणि सांगितलं, घरी जाऊन आईबापांना शिकवा. प्रत्येक गावात एक स्थानिक धर्मशिक्षक नेमला, आणि पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी राखलेला पैसा मागून घेऊन त्यांच्या पगाराची सोय केली. मग तो पुढच्या गावाला निघाला. झेवियर मोठा संत होता हे आपण नोव्हेना करून सांगतो. तो कामाची वाटणी करण्यातही तितकाच मोठा होता, ते सांगायचं राहून जातं.

आता जरा लांब जपानला जाऊ, पण निघायचं आहे खाडीपलीकडूनच.

वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. वसई किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत तो शिकला. तिथल्या सेबास्तियांव गोन्साल्विस या फादरने त्याला हाताशी धरलं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या त्या पोराला आपल्याबरोबर जपानला नेलं. तिथे तो जपानी भाषा शिकला आणि धर्मशिक्षक म्हणून आठेक वर्षं राबला. जेझुइट संघात जायची त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नाही, ब्रदर. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन फादर जपानच्या हिदेयोशीसमोर उभे राहिले तेव्हा बोलणारी जीभ आपल्या वसईकराची होती. प्रवचन देण्याचा मान दुसऱ्याचा, पण ते प्रवचन समोरच्याला कळणार ते गोन्सालोमुळे.

५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारलं, त्यात गोन्सालो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. आपण गोन्सालोचं नाव घेतो, पण त्या सव्वीस जणांची सगळी यादी कधी पाहिली आहे का? सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा साधे जपानी प्रापंचिक. त्यात धर्मशिक्षक, स्वयंपाकी, वैद्य, धनुष्य करणारा, तलवार घडवणारा आणि बारा ते चौदा वर्षांची तीन पोरं, जी पूजेला मदत करायची. निघताना ते चोवीस होते. वाटेत कैद्यांची सेवा करायला आलेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यातच धरलं, म्हणून सव्वीस झाले.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. लपून राहिलेला शेवटचा पाद्री १६४४ साली मारला गेला. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं तिथे एकही पाद्री नव्हता. मिस्सा नाही, बायबल नाही, घरात क्रूस दिसला तर मरण. मग १७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये फादर पेतिजां उभे होते, तेव्हा उराकामी गावचे पंधराएक शेतकरी आत आले. त्यातल्या एका बाईने हळूच सांगितलं, की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मारियेची मूर्ती कुठे आहे. ते चर्च त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलेलं होतं. म्हणजे आपल्या गोन्सालोच्याही नावाने.

दोनशेवीस वर्षं हे कसं टिकलं? त्यांनी काम वाटून घेतलं होतं. गावात एक माणूस सणवारांचं पंचांग सांभाळायचा, उपवासकाळ कधी, नाताळ कधी, ते तोच सांगायचा. दुसरा बाप्तिस्मा द्यायचा. तिसरा घरोघर निरोप पोचवायचा. परंपरा सांगते, की पंचांगाचं गणित बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाला त्याच्या गुरू फादरने शिकवलं होतं. फादर गेले, गणित राहिलं, आणि ते पुढच्या माणसाला शिकवलं गेलं. बाप्तिस्मा देणारा म्हातारा झाला की त्याच्याबरोबर फिरलेला कोणीतरी तयार असायचा. तयार नसता तर एका पिढीत सगळं संपलं असतं.

बायबलमध्येही हेच आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा निवाडे करत बसला, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणाला की अशाने तू झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. येशूने शिष्यांना पाठवलं ते दोघादोघांनी. शौलावर कोणाचा विश्वास नव्हता तेव्हा बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं. पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो, की तू जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ती आणखी दुसऱ्यांना शिकवतील. एका वाक्यात चार पिढ्या.

आपल्याला हे कोणी नव्याने शिकवायची गरज नाही, कारण आपण बोटीवर हेच करतो. तांडेल काय किनाऱ्यावर बसून घडतो का? पोरगं पहिल्यांदा बोटीवर जातं तेव्हा त्याला जेवण रांधायला, पाणी उपसायला, मासळी निवडायला लावतात. उलट्या करतं, रडतं. मग डोलीचा दोर हातात येतो. उधाण कधी, भांग कधी, पाण्याचा जोर कधी मंदावतो आणि डोल कधी उचलायची, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून देत नाही. तांडेलाच्या शेजारी उभं राहून ते कळतं. किनाऱ्यावरचा कोणता डोंगर कुठल्या डोंगराच्या मागे आला की आपली जागा आली, हे बोट दाखवून सांगावं लागतं. आणि एक दिवस तांडेल सुकाणू त्याच्या हातात देतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. उतरून घरी जात नाही, बाजूला उभा राहतो. या बाजूला उभं राहण्यातच खरं शिकवणं आहे.

मग चर्चमध्ये, जमातीत, सोसायटीत आपण उलट का वागतो? जुनी माणसं म्हणतात, पोरांना काही येत नाही. पोरं म्हणतात, म्हातारे काही सोडत नाहीत. दोघांचंही थोडं खरं आहे. वीस-वीस वर्षं एकच माणूस हिशेबाची वही सांभाळतो आणि ती दुसऱ्याला उघडूनही दाखवत नाही. मग तो आजारी पडला की सगळं अडतं. दुसरीकडे, नव्या पोराला एकदम मोठं काम देतात, तो चुकतो, चारचौघांत त्याला बोलतात, आणि तो परत फिरकत नाही. हे दोन्ही ओझं वाटणं नव्हे. पहिल्यात ओझं धरून ठेवलं, दुसऱ्यात अंगावर फेकलं.

दिवस बदललेत हे मला मान्य आहे. पोरं नोकरीला भाईंदर-अंधेरीला जातात, रात्री नऊला घरी येतात. बोटीवर खलाशी बाहेरून आणावे लागतात. नातवंडं इंग्रजी शाळेत, आजीची मराठी प्रार्थना त्यांना अर्धीच कळते. पण १७३९ च्या माणसांचे दिवस सोपे होते असं कोणी म्हणणार नाही, आणि नागासाकीच्या माणसांचे तर नाहीच.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. नवी समिती नको, नवा फलक नको. तुम्ही जे काम करता, रोझरी सांगणं असो, वर्गाला शिकवणं असो, ऑर्गन वाजवणं असो, आजाऱ्यांना भेटणं असो की जमातीची वही, त्या कामाला पुढच्या वेळी जाताना एकाला बरोबर न्या. फक्त एकाला. सहा महिने तो बघेल. पुढचे सहा महिने तो करेल आणि तुम्ही बाजूला उभे राहाल. चुकला तर घरी जाताना सांगा, लोकांत नको. धर्मपिता-धर्ममाता असाल तर वाढदिवसाच्या पाकिटाबरोबर त्या पोराला एक प्रार्थना शिकवा, मराठीत. आणि तरुणांनो, कोणी बोलवायची वाट पाहू नका. ज्याचं काम आवडतं त्याच्याकडे जाऊन म्हणा, “मी येऊ का बरोबर?”

फादर येतात आणि बदलून जातात, ती त्यांची रीत आहे. गाव जात नाही. गावाने सांभाळायचं ते गावानेच सांभाळायचं आहे.

तुमच्या घरात पहिली प्रार्थना तुम्हाला कोणी शिकवली, आणि तुम्ही ती कोणाला शिकवताय? खाली लिहा. या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याची उत्तरं मला जास्त वाचायची आहेत.