शूल्य आणि उख्य

अमरकोशाच्या वैश्यवर्गात स्वयंपाकघरातील शब्दांचा मोठा संग्रह आहे. तेथे मांसाच्या दोन जाती कोशकाराने शेजारी शेजारी बसविल्या आहेत. सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेले ते शूलाकृत, भटित्र किंवा शूल्य. आणि भांड्यात शिजविलेले ते उख्य किंवा पैठर. उखा आणि पिठर ही हंडीची नावे होत. एका जातीत विस्तव आणि मांस यांच्यामध्ये काहीही नाही. दुसरीत भांडे आहे, पाणी आहे, आणि वेळ आहे. इंग्रजांच्या घरी ज्या ‘स्टेक’चे एवढे कौतुक, तोही मुळात शूल्यच. हा शब्द इंग्रजांनी उत्तरेकडील नॉर्स लोकांकडून घेतला, आणि त्या भाषेतील मूळ क्रियापदाचा अर्थ ‘सळईवर भाजणे’ असा आहे. दोन दूरच्या भाषांनी एका पदार्थाला एकाच खुणेने ओळखावे, यात नवल नाही. सळई आणि निखारा ही सर्व मनुष्यजातीची सामाईक मालमत्ता आहे.

नवल आहे ते पुढेच. शूल्य हा शब्द आमच्या कोशात असून आमच्या घरात का नाही? मराठी घरात मटण म्हटले की डोळ्यांपुढे रस्सा येतो, सुके येते, फार तर खिमा येतो. अखंड तुकडा भाजून ताटात ठेवलेला दिसत नाही. हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही. गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी सुट्टीसाठी रत्नागिरीस आली असता तिने एका रविवारी बोकडाच्या बरगडीचे चाप आणवून तव्यावर भाजले. पाने मांडली गेली. ऐंशी उलटलेल्या माझ्या आईने नेहमीप्रमाणे सांगितले, “तुम्ही आधी बसा, माझं मागाहून.” मुलगी म्हणाली, “आजी, हे मागाहून चालत नाही. निवलं की चामडं होतं.” या एका वाक्याने पाककलेच्या इतिहासाचा एक धागा माझ्या हाती दिला, तो जेथवर नेईल तेथवर जावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्राचीनांना भाजण्याची कला ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात मांसाचे प्रकार सांगताना भर्जित, प्रतप्त, कंदुपाचित, शूल्य अशी निरनिराळी नावे दिली आहेत. ज्या समाजात परतलेले, निखाऱ्यावर तापविलेले, भट्टीत शिजविलेले आणि सळईवर भाजलेले यांना वेगवेगळे शब्द लागतात, तेथील जिभेला त्यांतील भेद कळत असला पाहिजे. आमच्या जिल्ह्याचे सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) भोजनाचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे, आणि मांसाशनाविषयी ग्रंथांत काय सांगितले व पुढे काय निषिद्ध ठरले याची निर्भीड छाननी केली आहे. तो भाग वाचणाऱ्यास या बाबतीत परंपरा एकजिनसी होती असे म्हणता येत नाही.

आमच्या प्रदेशापुरता सर्वांत बोलका पुरावा ‘मानसोल्लास’ हा होय. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. ते कल्याणी आज कर्नाटकातील बसवकल्याण होय. परंतु त्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग होता, आणि ग्रंथातील मांडे आपल्याला आजही ओळखीचे वाटतात. त्यातील अन्नभोगाच्या अध्यायात मांसाच्या कृती इतक्या बारकाईने दिल्या आहेत की लेखक स्वतः चुलीजवळ उभा राहिला असावा. रानडुकराच्या अंगावर पांढरे वस्त्र टाकून कढत पाणी ओतावे व केस काढावेत, अथवा अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर ते जाळून टाकावेत, मग भाजावे. भडित्रक करताना मांसखंडांना भोके पाडून त्यांत मसाला भरावा, ते सळईवर ओवावेत आणि निखाऱ्यावर धरावेत. अमराचा भटित्र आणि सोमेश्वराचा भडित्रक हे एकाच कुळातले, हे सांगावयास नको. या मसाल्यात मिरची नाही हेही ध्यानात ठेवावे. ती पोर्तुगिजांच्या मागोमाग पुष्कळ शतकांनी आली. तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा.

मग हे शूल्य गेले कोठे? मला वाटते, ते कोणी बंद केले नाही. परिस्थितीनेच त्याला घरातून बाहेर काढले.

पहिले कारण हवेचे. जनावर कापल्यावर काही तासांनी त्याचे स्नायू ताठरतात, आणि पुन्हा मऊ पडण्यास अवधी लागतो. थंड देशांत मांस कित्येक दिवस गारठ्यात टांगून ठेवीत. त्या अवधीत मांसातील पाचक द्रव्ये तंतू सैल करतात आणि चवही वाढवितात. कोकणच्या दमट उष्ण्यात बर्फाच्या पेटीवाचून हे अशक्य. येथे सकाळी कापलेले दुपारी शिजलेच पाहिजे, आणि असे ताजे मांस नुसत्या विस्तवावर धरले तर दाताला दाद देत नाही. दुसरे कारण जनावराचे. जे गुरू नांगराला जुंपावयाचे ते खाण्यासाठी पोसले जात नव्हते, आणि राहिली ती शेळी. ती लहान, चपळ, डोंगर चढणारी. तिच्या स्नायूंत चिवट पांढरा तंतू पुष्कळ. तो विरघळून त्याची मऊ लस व्हावयास ओलावा आणि दीर्घ मंद आच लागते. हे काम हंडीचे, सळईचे नव्हे. आमच्या आज्या-पणज्यांनी रसायनशास्त्र वाचले नव्हते, परंतु कच्च्या पपईचा गर लावावा आणि हंडीवर पाण्याचे झाकण ठेवावे, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या खेड्यांत मांस विकत घेण्याची जुनी रीत वाट्यांची आहे. चार घरे मिळून बोकड घेतात, तो कापला जातो, आणि त्याचे सारखे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात मांडीचे थोडे, बरगडीचे थोडे, काळजाचा एक तुकडा, हाडे, चरबी. अमुक एका भागावर कोणाचा हक्क नाही. स्टेकची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. पाठीच्या कण्यालगतचा जो स्नायू फारसा राबत नाही, म्हणून मऊ राहतो, तो निवडून घ्यावयाचा आणि एका माणसाच्या ताटात ठेवावयाचा. एका जनावरात असे मांस थोडेच निघते. वाट्याच्या न्यायात ही निवड बसत नाही. वाटा घरी आला की त्याचा रस्साच होतो, कारण रस्सा बारा माणसांना पुरतो, पाहुणा वाढला तर पाणी वाढविता येते, आणि भाकरीला व भाताला ओल मिळते. गरिबीने शोधून काढलेली ही युक्ती आहे, आणि तिच्यात एक प्रकारचे औदार्यही आहे.

शूल्य अगदीच नाहीसे झाले नाही. ते घराबाहेर, शेतात आणि रानात टिकून राहिले. रायगडाकडे हिवाळ्यात वालाच्या शेंगा निघाल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी भरून ते उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. मडके आहे, पण पाणी नाही. म्हणजे ते उख्याचे रूप घेतलेले शूल्यच. गोव्यातील ख्रिस्ती घरांत याच्या उलट घडले. पोर्तुगिजांबरोबर अख्खा तुकडा भाजण्याची रीत आली, परंतु घरोघर भट्टी नव्हती. तेव्हा मांसाचा गोळा टोचून त्याला आले, लसूण, मिरी, मीठ आणि माडाचा शिर्का चोळावयाचा, भांड्यातच चारी बाजूंनी तांबूस करावयाचा आणि पाण्याचे शिपके देत शिजवावयाचा, अशी तडजोड झाली. ते ‘रोश्ट’ होय. टोचण्याची युक्ती पाहून मला सोमेश्वराची आठवण होते.

राजवाड्यांची गोष्ट वेगळी. तंजावरचे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले; ग्रंथांचा संग्रह आणि नव्या विद्यांची हौस यांबद्दल त्यांची ख्याती आहे. त्यांच्या पदरच्या पाकक्रियांची ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ही मराठी पोथी सरस्वती महाल ग्रंथालयाने जपली असून, तीत देशी पदार्थांच्या जोडीला इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही स्थान आहे. साहेबाचे खाणे मराठीत लिहून घ्यावे असे एका मराठी राजाला वाटले, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर शतकाने, १९१० साली, मुंबईत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले. हजार पाकक्रियांच्या त्या पुस्तकात पाठारे प्रभूंच्या घरातील मासे आणि मांस संकोचावाचून आले आहे. दरबारी पोथीपासून गृहिणीच्या पुस्तकापर्यंतचा हा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. कारण तोवर मांसाच्या कृती ज्या हातांनी केल्या, त्यांनी त्या क्वचितच लिहिल्या.

आता घरच्या तव्याकडे वळू. वाचकांपैकी कोणास हा प्रयोग करावासा वाटल्यास प्रथम एक खुलासा. विलायती स्टेक गोमांसाचा. महाराष्ट्रात गाईचा वध १९७६ च्या कायद्याने आणि बैल व वळू यांचा वध २०१५ पासून बंद आहे. आपला विषय बोकडाची बरगडी आणि कण्यालगतचे मांस. तुकडा बोटभर जाड असावा. तो एक दिवस शीतपेटीत उघडा ठेवावा. मीठ काही तास आधी लावावे, म्हणजे ते आत मुरते आणि वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. कोरडेपणा आवश्यक आहे, कारण ओले मांस प्रथम वाफते व मगच भाजते. लोखंडी तवा चांगला तापवावा, तूप किंवा तेल थोडेच घालावे, आणि दर बाजूस दोन-तीन मिनिटे द्यावीत. वरची तांबूस खरपूस साय ही चवीचा प्राण होय. ती का येते याचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली केला. तिने आतील रस कोंडला जातो, ही लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास रूढ केलेली समजूत मात्र प्रयोगांती खोटी ठरली. आतील उष्णता ६३ अंश सेल्सिअसपर्यंत पोचू द्यावी. नंतर तुकडा पाच मिनिटे स्वस्थ ठेवावा, म्हणजे कापताना रस ताटभर वाहत नाही. कापावे ते तंतूंना आडवे. आणि लगेच वाढावे.

“लगेच वाढावे” या दोन शब्दांपाशी मला थांबावेसे वाटते. उख्य थांबते, किंबहुना दुसऱ्या दिवशी ते अधिक चांगले लागते. या गुणामुळेच पंगतीवर पंगत उठू शकली, पुरुष आणि मुले जेवून गेली, आणि जिने रांधले ती शेवटी बसली. तोवर हंडीत तुकडे उरत नसत, रस्सा उरे. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मी ऐकले नाही, आणि तक्रार ऐकू न येणे म्हणजे ती नसणे, असे आम्ही धरून चाललो. मनुस्मृतीत अतिथी आणि सेवक जेवल्यावर उरलेले अन्न पतिपत्नींनी खावे असे सांगितले आहे. दोघांनीही मागाहून, असा तो नियम. त्याच ग्रंथात पत्नीसह जेवू नये असेही वचन आहे. रूढीने या दोहोंतून सोयीचे तेवढे उचलले. नवरा पहिल्या पंगतीत आला आणि अवशिष्ट अन्न एकट्या पत्नीच्या वाट्यास राहिले.

आमच्या रत्नागिरीने पंगतीचा वाद फार जवळून पाहिला आहे. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यातून १९३१ साली येथे पतितपावन मंदिर उभे राहिले, आणि सावरकरांच्या येथील वास्तव्यात सहभोजनांनी गावात खळबळ उडविली. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, हा प्रश्न त्या वेळी चव्हाट्यावर आला हे फार चांगले झाले. घरातील पंगतीत कोणी केव्हा बसावे, हा प्रश्न चव्हाट्यावर येणे कठीण. तो प्रत्येक स्वयंपाकघरात स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. खेड्यातील वाट्याच्या न्यायाने चार घरांत बोकड सारखा विभागला. परंतु घराच्या उंबरठ्याच्या आत तो न्याय शिरला नाही. तेथे पळी ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे फिरली.

म्हणून रस्सा टाकून स्टेक करावा, असे मी मुळीच म्हणत नाही. रश्शाने ज्या लोकांना जगविले त्यांच्यापैकीच मी आहे, आणि माझी स्वतःची जीभ त्याच्याच बाजूची आहे. परंतु शूल्याने एक गोष्ट दाखवून दिली. जो पदार्थ थांबत नाही, तो रांधणारीलाही थांबू देत नाही.

त्या रविवारी आई बसली. प्रथम तिने आपल्या पानातला तुकडा माझ्याकडे सरकविला. मुलीने तो परत तिच्याकडे सरकविला. मग तिने तो हाताने मोडला, खाल्ला, आणि थोड्या वेळाने विचारले, “ह्याच्यासोबत भाकरी नाही का केलीस?” भाकरी केली नव्हती. मी उठून डब्यातील सकाळची आणली. तिने ती घेतली आणि आम्हां सर्वांबरोबर जेवण संपविले. आमच्या घरात माझी आई पहिल्या पंगतीत जेवलेली मी तेव्हा प्रथम पाहिली. माझे वय तेव्हा चोपन्न होते, आणि तोवर हे माझ्या ध्यानात आले नव्हते.