मागे सरायला जागा नाही

तिरुनागेश्वरम् कुंभकोणमच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर आहे. नवग्रहांच्या यात्रेत राहूचे ठाणे म्हणून इथल्या नागनाथस्वामीच्या देवळाची ख्याती आहे. बाहेरच्या प्राकाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहू आपल्या दोन पत्नींसह आहे, आणि राहुकाळात त्याच्यावर दुधाचा अभिषेक होतो तेव्हा दूध निळसर दिसते अशी भाविकांची श्रद्धा आहे. रविवारी साडेचार ते सहा या वेळात त्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ओवऱ्यांमध्ये, खांबांच्या रांगांमध्ये चित्र घ्यायचे म्हटले तरी पहिली अडचण येते ती अंतराची. प्रकाशाचे पुढे बघता येते. पाठ भिंतीला टेकलेली असते आणि समोरचा खांब चौकटीत अर्धाच मावलेला असतो.

या अडचणीची एक ठळक नोंद याच मुलखात, १८५८ सालची आहे. कुंभकोणम-तंजावर हा पट्टा मराठी वाचकाला परका नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८मध्ये कुंभकोणमच्याच देशस्थ मराठी घरात जन्मले. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे १८५५मध्ये निवर्तले, मागे मुलगा नव्हता, आणि सुमारे एकशे ऐंशी वर्षांची भोसल्यांची गादी कंपनीने खालसा केली. त्यानंतर तीनच वर्षांनी मद्रास सरकारचा अधिकृत छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप तंजावरात आला. मेण दिलेल्या कागदाच्या मोठमोठ्या निगेटिव्ह, तिकाटणे, लांबलचक उघडझाप असा सगळा सरंजाम. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावर कोरलेले तमिळ लेख त्याला टिपायचे होते. अक्षरे वाचता यावीत तर जवळ जायला हवे, आणि जवळ गेले की जोते चौकटीत मावत नाही. मग तो कॅमेरा घेऊन भिंतीकडेने सरकत गेला. एकवीस चित्रे जोडून त्याने जवळपास एकोणीस फूट लांबीची एक पट्टी तयार केली. आज संग्रहालयांत तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहतात. मला ती आधी एक हिशेब वाटते: रुंद पाहणारे भिंग हाताशी नसेल तर रुंदी किती तुकड्यांनी भरून काढावी लागते, त्याचा.

त्याच आवारात, तिथेही नैर्ऋत्येलाच, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेले भोसले वंशाचे चरित्र मराठीत आहे. ट्राइपच्या पट्टीत ते नाही. त्याचे लक्ष चोळांच्या अक्षरांवर होते. नुकत्याच बुडवलेल्या राज्याच्या लेखाकडे सरकारी कॅमेरा वळला नाही याचा फार अर्थ काढू नये. पण मराठी माणसाला ती पट्टी पाहताना तो कोपरा आठवल्यावाचून राहत नाही. पुढे गव्हर्नर ट्रेव्हेलियनला हे छायाचित्रण सरकारी पैशाची चैन वाटली आणि ट्राइपचे काम गुंडाळले गेले.

ट्राइपच्या देवळांत माणसे जवळजवळ नाहीत. लांब उघडझापीत हलणारा माणूस पुसला जातो. शिवाय सरकारला हवी होती ती वास्तू, तिची मापे, तिचे लेख. मदुरैच्या पुदु मंडपात त्याने खांबांच्या रांगेकडे लांबीच्या दिशेने पाहिले. आडवे अंतर मिळत नसेल तर हाच एक मार्ग उरतो. ते चित्र अप्रतिम आहे, आणि ओसाड आहे.

रुंद कोनाच्या भिंगांची खटपट त्यानंतर लवकरच सुरू झाली. १८६०च्या दशकात अमेरिकेत हॅरिसन आणि श्निट्झर यांनी गोल चेंडूसारखी, दोन्ही बाजूंनी सारखी लेन्स बनवली. हा सारखेपणा महत्त्वाचा. पुढच्या अर्ध्या भागाने वाकवलेली रेघ मागचा अर्धा भाग उलटी वाकवून सरळ करतो, म्हणून खांब खांबासारखा राहतो. १९००मध्ये जर्मनीच्या गोअर्झ कंपनीचे हायपरगॉन आले, जवळपास १३५ अंश पाहणारे. पण कोन वाढला की कडेचा प्रकाश झपाट्याने घटतो. मध्यापासून ४५ अंशांवर तो हिशेबाने चौथाईच उरतो. त्यावर गोअर्झवाल्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. भिंगासमोर चांदणीच्या आकाराची एक पातळ चकती बसवली. रबरी फुगा दाबला की वाऱ्याने ती गरगर फिरे आणि मधला प्रकाश अडवी. मग ती बाजूला घ्यायची आणि उघडझाप पुरी करायची. पिंपळपानाच्या भिरभिऱ्यावर चालणारे प्रकाशशास्त्र!

ही सारी तिकाटण्यावरची भिंगे. हातात धरून रुंद पाहता येऊ लागले ते छोट्या फिल्मच्या कॅमेऱ्यामुळे. लायका १९२५मध्ये बाजारात आला. त्यासाठी ३५ मिलिमीटरची रुंद लेन्स १९३०मध्ये, आणि कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेला रेंजफाइंडर १९३२मध्ये. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजायची दोन डोळ्यांची युक्ती. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात एकाच खांबाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सवरची कडी हाताने फिरवत त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. १९५४च्या लायका एम३मध्ये हे दोन 'डोळे' सुमारे ६९ मिलिमीटर अंतरावर आहेत, म्हणजे माणसाच्या दोन बुबुळांइतकेच. लेन्स कितीही रुंद असो, या मोजणीची अचूकता बदलत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. या कॅमेऱ्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्सचे शेपूट फिल्मपासून काही मिलिमीटरवर जाऊ शकते. आरशाच्या कॅमेऱ्यात ते शक्य नाही. तिथे लेन्सचा तोंडवळा उलटा करून, पुढे मोठे भिंग लावून तिला मागे ढकलावे लागते, आणि सुरुवातीच्या तशा लेन्समध्ये देवळाचे खांब पिंपासारखे फुगत. १९५९च्या निकॉन एफसाठी निघालेली २१ मिलिमीटरची लेन्स तर आरसा वर अडकवून ठेवूनच लावावी लागे. मग त्या आरशाचा उपयोग काय, हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला असणार.

सममित रुंद लेन्सचे हे नवे घराणे जन्मले विमानात. सोव्हिएत संशोधक मिखाईल रुसिनोव्ह आणि पुढे लुडविग बर्टेले यांनी अशी भिंगे हवाई नकाशांसाठी रचली. नकाशात रेघ वाकली तर जमीन चुकते, म्हणून सरळपणाचा इतका आग्रह. बर्टेलेचीच आखणी १९५४मध्ये कॉन्टॅक्स रेंजफाइंडरसाठी २१ मिलिमीटरचे बायोगॉन होऊन आली. १९५८मध्ये श्नायडरचे सुपर-अँग्युलॉन लायकाला मिळाले. मुलूख मोजणाऱ्या यंत्राचे भिंग असे ओवरीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आले.

तीन मीटरवरच्या भिंतीचा ५० मिलिमीटरची लेन्स जेमतेम दोन मीटर भाग पाहते, तर २१ मिलिमीटरची पाच मीटरांहून जास्त. छिद्र एफ ८वर ठेवून फोकस सुमारे १.८ मीटरवर लावला की नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे चालण्याइतके स्पष्ट येते. मग रेंजफाइंडरकडे पाहायचीही गरज राहत नाही. मात्र चौकट लेन्समधून दिसत नाही. वर खोचलेल्या वेगळ्या दर्शिकेतून ती दिसते, आणि तिचा डोळा लेन्सच्या थोडा वर असतो, त्यामुळे जवळची वस्तू थोडी सरकते. कॅमेरा वर कलला की खांब एकमेकांकडे झुकतात. म्हणून गोपूर घ्यायला गेलेला माणूस शेवटी गोपूर सोडून पायऱ्या, चपला आणि दिवे लावणाऱ्या बायका घेऊन येतो. हे मला या लेन्सचे भाग्यच वाटते. गोपूर तिच्यात तसेही छोटे दिसते.

कडेचे चेहरे मात्र ताणले जातात. तो लेन्सचा दोष नव्हे. गोल डोके सपाट फिल्मवर तिरके पडले की लांबटच होते, ४५ अंशांवर सुमारे दीडपट. त्याहून अवघड गोष्ट वेगळी. कॅमेरा आपल्याकडे नाही असे पाहून कडेचा माणूस निर्धास्त असतो, आणि तरी तो चित्रात असतो. अनेक जण हे कसब मानतात. मला ते पटत नाही, विशेषतः ज्या ओवरीत कुणी ग्रहपीडा टळावी म्हणून डोळे मिटून उभे आहे तिथे. ट्राइपच्या चित्रांतून माणूस पुसला गेला. इथे तो न विचारता घेतला जातो. रुंद लेन्सने जवळ जायचे तर इतके जवळ जावे की समोरच्याला कळेल, आणि नको असेल तर मान हलवता येईल.

डिजिटल काळात मोठी उलटापालट झाली. शेपूट फिल्मला चिकटवायचा जो फायदा होता तोच तोटा ठरला, कारण संवेदकाला तिरपे किरण सोसत नाहीत. जुन्या सममित लेन्स लावल्या की कडा काळवंडतात किंवा लालसर-जांभळ्या होतात. लायकाने २००६च्या एम८पासून लेन्सवर खुणा कोरून कॅमेऱ्याला ती ओळखायला शिकवले. त्याआधी १९९९मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलँडर नावाने १५ मिलिमीटरची एक छोटी, तुलनेने स्वस्त लेन्स काढली. ती रेंजफाइंडरला जोडलेलीच नव्हती. एफ ८वर, मीटरभर अंतरावर लावली की अर्ध्या मीटरच्या पुढचे सगळे स्पष्ट, म्हणून जोडणीची गरज त्यांना वाटली नाही. अंतर डोळ्यांनीच अदमासायचे. तिरुनागेश्वरमच्या ओवरीत ते जुन्या मापाने सोपे जाते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात धरला, तर समोरची बाई एक हातापेक्षा जवळ येईपर्यंत कडीला हात लावायचे कारण नाही.