रसिकांची मते आणि पवळाचा नाच : प्रवरेकाठून एक धागा

आजचा धागा नाच पाहणाऱ्यांविषयी आहे. देऊळ उरते, पोथी उरते, ताम्रपट उरतो. चलच्चित्र येण्यापूर्वीचा नाच मात्र संपला की त्यातले उरते ते कोणा पाहणाऱ्याचे मत. ते मत कोणी नोंदवले, कशासाठी नोंदवले आणि कोणाचे मत नोंदवलेच गेले नाही, हे विचारल्याखेरीज नृत्याचा इतिहास लिहिता येत नाही. बेलापुरात बसून हा प्रश्न विचारायला एक सबळ कारण आहे. ढोलकीच्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती पवळा हिवरगावकर आपल्याच जिल्ह्यातली. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे तिचे गाव आणि १८७० हे तिचे जन्मवर्ष.

तुलनेसाठी आधी पॅरिसला जाऊन येऊ. एकोणिसाव्या शतकात तिथे तेओफिल गोतिए नावाचा कवी होता. १८३६ पासून तो वृत्तपत्रांतून नाट्य आणि बॅले यांवर लिहू लागला आणि १८७२ मध्ये मरेपर्यंत त्याचे हे वेड सुटले नाही. मारी ताल्योनी आणि फॅनी एल्सलर या त्या काळच्या दोन मोठ्या नर्तकी. गोतिएने ताल्योनीला ‘ख्रिस्ती’ नर्तकी म्हटले आणि एल्सलरला ‘मूर्तिपूजक’. एकीचा नाच भूमी सोडून वर उचललेला, दुसरीचा मातीतला आणि देहाचा. हा पक्षपाती शेरा होता. गोतिएचा ओढा एल्सलरकडे होता आणि तो त्याने लपवला नाही. पण आज दीडशेहून अधिक वर्षांनी त्या दोघींच्या नाचातला फरक आपल्याला थोडाफार कळतो, तो अशाच शेऱ्यांमुळे. पुढे ‘जिझेल’ (१८४१) या बॅलेच्या कथालेखनातही त्याचा हात होता. चाहत्याचे मत कलेच्या आत शिरते, ते असे. (ताल्योनीचे नृत्याचे बूट रशियातल्या चाहत्यांनी विकत घेऊन शिजवून खाल्ले, अशी आख्यायिका आहे. रसिकांचे वेड हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

१८३८ मध्ये याच गोतिएसमोर पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या देवदासी नाचल्या. त्यांतल्या अमनी नावाच्या तरुणीवर तो भाळला आणि त्याने तिच्यावर भरभरून लिहिले. तिची कांती, तिचे दागिने, तिचे डोळे हे सारे त्या लिखाणात आहे. ती काय नाचत होती, त्या पदाचा अर्थ तिच्या मनात काय होता, हे मात्र त्यातून हाती लागत नाही. अमनीने पुढे लंडनमध्ये आत्महत्या केली, असे सांगतात. चाहत्याने तिला अमर केले खरे, पण त्या लिखाणात ती स्वतः बोलत नाही.

आता पवळाकडे येऊ. ती महार समाजातली. लहानपणी तिला मुरळी म्हणून खंडोबाला वाहिले होते, असे सांगितले जाते. तिच्याआधी फडावर स्त्रीचे काम ‘नाच्या पोऱ्या’ करी. स्त्रीवेषातला तो मुलगा हा तमाशाचा जुना आधार होता. पवळा फडावर आली आणि पाहण्याची रीतच बदलली. वाळवे तालुक्यातल्या हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांच्या लावण्या आणि तिची अदा ही जोडी पुढे मुंबईपर्यंत गाजली. लोकांनी तिला ‘नामचंद पवळा’ म्हटले. रसिकांनी दिलेले हे एक विशेषण म्हणजे तिच्या नाचावरचे जवळजवळ संपूर्ण समीक्षालेखन.

ही गोष्ट मला फार बोचते. बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या, त्यांचे चरित्र सांगितले गेले, १९४५ मध्ये पुण्यात विपन्नावस्थेत झालेल्या त्यांच्या मृत्यूची हळहळ आजही व्यक्त होते. लावणीचे शब्द कागदावर राहिले. त्या शब्दांवर पवळाने पाय कसा टाकला, ढोलकीच्या तोड्याला खांदा कसा दिला, कुठे थांबली, कुठे प्रेक्षकाला वाट पाहायला लावली, यातले काहीही राहिले नाही. लावणीच्या परिणामात शब्द निम्मेच असतात, बाकीचे अदाकारीत असते, हे जाणकार मान्य करतात. मग त्या निम्म्याचे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे?

त्या काळी मराठीत रंगभूमीवर लिहिणारी माणसेच नव्हती, असे म्हणावे तर तेही खरे नाही. त्याच दशकांत बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांवर किती लिहिले गेले! त्यांची चाल, मान वळवण्याची तऱ्हा, शालू नेसण्याची पद्धत, अंबाड्यावरची फुले यांची वर्णने आठवणींच्या पुस्तकांत विपुल आहेत. म्हणजे सुशिक्षित मराठी प्रेक्षक बारकाईने पाहत होता, लिहीतही होता. स्त्री होऊन वावरणाऱ्या पुरुषाचे त्याने पदर मोजले. स्त्री म्हणून नाचणाऱ्या स्त्रीविषयी तो लेखणी मिटून बसला. बालगंधर्वांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. प्रश्न त्या लेखणीच्या निवडीचा आहे. एक पाहणे प्रतिष्ठेचे होते आणि दुसरे चोरून करायचे होते.

मग तमाशाच्या रसिकाचे मत उमटत कुठे होते? दौलतजाद्यात. प्रेक्षक पैसे धरलेला हात वर करी, नर्तकी तिथवर जाऊन ते घेई, देणाऱ्याचे नाव फडावरून पुकारले जाई, आणि त्याने सांगितलेली लावणी किंवा तिचा एखादा चरण पुन्हा होई. आपण याकडे केवळ लंपटपणा म्हणून पाहतो. तो त्यात होताच. परंतु लिहिता न येणाऱ्या प्रेक्षकाची ती जाहीर समीक्षाही होती. कोणती लावणी पुन्हा मागितली गेली, कोणत्या जागेवर हात वर झाले, यावर फडाचा सरदार उद्याचा खेळ ठरवी. गोतिएचे मत छापून आले, इथल्या रसिकाचे मत नाण्यात वाजून विरून गेले. आणि त्या समीक्षेची किंमत नर्तकीच्या देहाला मोजावी लागे, कारण मत घ्यायला तिलाच प्रेक्षकापाशी जावे लागे.

या व्यवहारात आपल्या मुलखाचे स्थान कुठे होते? १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावला होता. दौंड–मनमाड मार्गावर श्रीरामपूरच्या स्थानकाला आजही बेलापूर हेच नाव आहे. पुढे लोणीला १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस म्हणजे हातात रोकड, आणि जिथे रोकड तिथे जत्रेतल्या फडाची सुपारी मोठी. बागायतीच्या पट्ट्याने तमाशाला प्रेक्षक आणि पैसा दोन्ही पुरवले, असा माझा तर्क आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे कारभारी नारायणगावला जाऊन राहुट्यांमध्ये फड ठरवतात, ही रीत अजून टिकून आहे. तिथली घासाघीस ऐकली तर कळते की फडाचे गुणदोष या लोकांना तोंडपाठ असतात.

प्रेक्षक थोर असला की त्याच्या मताचे वजन वेगळेच. याच प्रवरेकाठी, संगमनेरात, १७४४ मध्ये शाहीर अनंत फंदी जन्मला. अहिल्यादेवी होळकरांनी त्याला ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही, असे सांगितले आणि त्याने फड सोडून कीर्तन धरले, अशी परंपरागत कथा आहे. ज्यांच्या नावाने आता आपला जिल्हा ओळखला जातो, त्यांचे हे मत. कथा शब्दशः घडली असो वा नसो, तिचा रोख पाहण्यासारखा आहे. कोणी नाचावे यापेक्षा कोणाचा मान जातो, याची तिला चिंता आहे, आणि तो मान पुरुषाचा व जातीचा आहे.

सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरचा दुसरा प्रसंग महाडच्या सत्याग्रहाच्या काळातला म्हणून सांगितला जातो. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला मदत देऊ केली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्या नकाराचा आशय सांगतात. बापूराव जात ओलांडून आलेले, पवळाच्या संगतीने बहिष्कार सोसलेले. त्यांना तो नकार किती लागला असेल! तरीही मला वाटते की फडाकडे पाहून ‘हे श्रम कोणाचे आणि मिळकत कोणाची’ असे विचारणारा हा पहिला ठळक आवाज होता. अनंत फंदीच्या कथेत ब्राह्मण शाहिराची अब्रू जपली गेली; इथे प्रथमच नाचणारीचा हिशेब मांडला गेला. आंबेडकरी जलशांनी पुढे ढोलकी, सवाल-जवाब, बतावणी सारे ठेवले आणि बाईचा नाच वगळला.

त्या निर्णयालाही एक किंमत होती, ती आपण फारशी बोलत नाही. नाच नाकारताना नाचणारीचे कसबही नजरेआड झाले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर आधी बंदी आली आणि मग अटींसह परवानगी. दौलतजाद्याला मनाई झाली, वगांच्या संहिता तपासल्या जाऊ लागल्या. शासनालाही तमाशाविषयी मत होते आणि तेही नर्तकीला न विचारता बनलेले. खूप नंतर, यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींनी मुलाखतींतून बैठकीच्या लावणीची अदा स्वतः उलगडून सांगितली, तेव्हा कुठे दुसरी बाजू ऐकू आली. पवळाला अशी संधी मिळाली नाही.

शेवटी एक विनंती. बेलापूर, उक्कलगाव, हरेगाव, राहुरी, संगमनेर भागातल्या घरांत पन्नास-साठ वर्षे जत्रेचा तमाशा पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना ‘कोण देखणी होती’ असे विचारू नका, ते सगळेच सांगतात. कोणती बाई ढोलकीला कशी भिडायची, कोणाचा वग पहाटेपर्यंत लोकांना बसवून ठेवायचा, कोणता फड दुसऱ्या वर्षी बोलावला नाही आणि का, हे विचारा. यात्रा कमिटीच्या जुन्या वह्यांत सुपारीचे आकडे आणि फडांची नावे सापडली तर त्या पानाचे छायाचित्र या धाग्याखाली टाका. वर्ष आणि गाव लिहायला विसरू नका.